भोक पाडण्याआधी

सिंगापुरातल्या मराठी घराचं कोठीघर बाँबपासून सुरक्षित असतं. तांदळाचं पोतं, डाळींचे डबे, सासूबाईंनी बांधून दिलेली थालीपिठाची भाजणी, लोणच्याच्या बरण्या, गणपतीचं घडीचं मखर, रिकाम्या बॅगा असा सगळा ऐवज जाड काँक्रीटच्या भिंती आणि पोलादी दार यांच्या आड नांदत असतो. कागदोपत्री या खोलीचं नाव ‘हाउसहोल्ड शेल्टर’. १९९७ साली इथे नागरी संरक्षण निवाऱ्यांचा कायदा झाला आणि १ मे १९९८ पासून नव्या घरांना अशी खोली सक्तीची झाली. मुहूर्त महाराष्ट्र दिनाचा निघाला हा निव्वळ योगायोग, पण आम्ही तो कौतुकाने सांगतो. बाँब काही पडला नाही, पडूही नये. दार उघडलं की तूर्तास हिंगाचा वास येतो, एवढंच.

गंमत त्या खोलीच्या नियमांत आहे. दार काढायचं नाही, बदलायचं नाही. आतल्या भिंतींना फरशी चिकटवायची नाही. हवेच्या झडपांना हात लावायचा नाही. भोक पाडायचंच असेल तर किती जाड आणि किती खोल, हेही ठरलेलं. आमच्याकडे मांडणी बसवायला आलेल्या कारागिराने ड्रिल पिशवीतून बाहेरसुद्धा काढलं नाही. भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं, मान हलवली आणि म्हणाला, “धिस वन कॅनॉट, मॅडम.” शेवटी पायांवर उभी राहणारी लोखंडी मांडणी आणली.

राजापूरच्या आजोळी भिंतीला असं विचारावं लागत नसे. टोपी, कंदील, पंचांग, छत्री, जे टांगायचं असेल त्याच्यासाठी खुंटी ठोकली जाई. घर जांभ्या दगडाचं. चिरा कुठल्या खाणीतला, तुळई कुठल्या फणसाची, गवंडी कोण आणि तो मजुरीवरून कसा रुसला होता, हे घरातल्या लहान पोरालाही पाठ. ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्या ज्या तुळईत होत्या, तिच्यावर किती माणसं बसू शकतात याचा हिशेब कुणी मांडला नव्हता. चार बसली तेव्हा कुरकुरली, म्हणून पाचव्याला उठवत. नियमावली म्हणायची तर तीच. ती तोंडी होती, आणि कधी चुकली असती तर ते पाचव्यालाच कळलं असतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही सिंगापुरात आलो, तोआ पायोह भागात सरकारी वसाहतीतला फ्लॅट भाड्याने घेतला. हाउसिंग अँड डेव्हलपमेंट बोर्ड, म्हणजे एचडीबीच्या त्या जुन्या ठोकळेबाज इमारतीत शेल्टर नव्हतं. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. अधल्यामधल्या मजल्यांच्या नशिबी जिना. कचरा टाकायची मोरी थेट स्वयंपाकघराच्या भिंतीत, झाकण उघडायचं आणि पिशवी सोडून द्यायची. सोय उत्तम, फक्त रात्री त्याच वाटेने झुरळं वर येत. १९८९ पासूनच्या इमारतींत ही कचऱ्याची नळी घराबाहेर, मजल्यावर सामाईक झाली. कपडे वाळवायचे ते स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर. बांबूच्या लांब काठीत ओले कपडे ओवायचे आणि अर्धं अंग खिडकीबाहेर काढून काठीचं टोक भिंतीतल्या नळकांड्यात खोचायचं. सासूबाई आल्या तेव्हा त्यांचं नऊवारी दहाव्या मजल्यावरून ध्वजासारखं फडकलेलं साऱ्या वसाहतीने पाहिलं. आज ते दृश्य आठवून हसू येतं, पण ओल्या नऊवारीचं वजन पेलत खिडकीबाहेर झुकलेली मीही मला आठवते, आणि तेव्हा पोटात गोळा येतो. अशा कामांत तोल जाऊन माणसं पडली, त्यांत परदेशातून घरकामाला आलेल्या मुली होत्या. २०१२ पासून घरकामगाराकडून खिडकी बाहेरून पुसून घ्यायची तर जाळीला कुलूप हवं आणि घरातलं मोठं माणूस देखरेखीला हवं. नळकांडीही हळूहळू गेली. त्यांत पाणी साचून डासही व्हायचे. डेंग्यूच्या धास्तीने इथे नव्या इमारतींच्या छपराला पन्हळदेखील सरसकट लावू देत नाहीत. कोकणातल्या माणसाला हे सांगून बघा, त्याला वाटेल आपली थट्टा चालली आहे.

आमच्या शेजारी एक चिनी अंकल राहत. इथे वयस्क माणूस कुणाचाही अंकल असतो. ते बुकित हो स्वीच्या वस्तीत वाढलेले. त्यांच्या लहानपणीचं घर फळ्यांचं आणि छप्पर अतापचं, म्हणजे निपा जातीच्या ताडाची पानं विणून केलेल्या झापांचं. आपल्याकडे माडाच्या झावळ्यांची झापं असत, त्यांचंच चुलत भावंड. अंकल सांगत, दुपारी घर असं गार की पंख्याची आठवण येत नसे. पाऊस पत्र्यावर बडवल्यासारखा वाजतो, अतापवर तो नुसता ऐकू येतो. घर वाढवायचं झालं तर बाप आणि काका एका रविवारी खांब रोवून खोली जोडत. परवाना कसला आणि नकाशा कसला! शेजारच्या मलाय घरी तान्ह्या बाळाला झोपवायला आढ्याला सारोंगची झोळी बांधत. हे ऐकून मी त्यांना आपल्याकडच्या लुगड्याच्या झोळीचं सांगितलं, तेव्हा त्यांना माझ्याहून जास्त आनंद झाला.

पण अंकलच्या स्मरणरंजनाला एक खोड होती. घराचं कौतुक सांगता सांगता ते त्या दुपारपाशी येऊन थांबत. २५ मे १९६१, हरी राया हाजीचा, म्हणजे बकरी ईदचा सुट्टीचा दिवस. दुपारी आग लागली, वारा होता, आणि वाळलेली झापं पेटत पेटत एका छपरावरून दुसऱ्यावर उडत गेली. वस्ती दाट, वाटा अरुंद, नळाला पाण्याचा जोर नाही. चार माणसं गेली आणि जवळजवळ सोळा हजार लोक एका संध्याकाळी बेघर झाले. अंकल तेव्हा शाळकरी पोर. शिवणयंत्र डोक्यावर घेऊन पळणारी आई त्यांना आठवे. दुपारी गार ठेवणारं तेच छप्पर काही मिनिटांत जळणाचा भारा झालं होतं. ते म्हणत, कांपोंगच्या, म्हणजे अशा जुन्या वस्त्यांच्या, गोड आठवणी काढणारे बहुतेक जण आगीच्या वस्तीतले नसतात. मला हे थोडं कडक वाटे, पण खोटं नाही वाटलं.

एचडीबी तेव्हा सव्वा वर्षाचं पोर होतं. १ फेब्रुवारी १९६० चा जन्म. अध्यक्ष लिम किम सान. ब्रिटिशांच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने तीस वर्षांत जेवढी घरं बांधली नव्हती, त्याच्या दुपटीहून अधिक या मंडळाने पहिल्या पाच वर्षांत उभी केली. वर्ष उलटायच्या आत जळालेल्या जागेवर एकेका खोलीच्या पक्क्या घरांच्या इमारती उभ्या राहिल्या. विटा, सिमेंट, सळई. जळणार नाही ते घर, एवढीच तेव्हा सुरक्षिततेची व्याख्या. बांधकामावर माती-विटांच्या पाट्या वाहणाऱ्या बायका असत, डोक्याला लाल कापडाची चौकोनी घडी, पायांत जुन्या टायरच्या चपला. चीनच्या सानशुई भागातून आलेल्या म्हणून त्या समसुई. शिरस्त्राण, पट्टा, जाळी काही नाही. त्यांचा पुतळा आता शहरात आहे आणि पर्यटक त्याच्यासोबत फोटो काढतात. त्यांच्यापैकी किती जणी पाठीच्या दुखण्याने वाकल्या, हे पुतळ्यावरून कळत नाही.

आणखी मागे गेलं की आपली माणसं भेटतात. एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारने बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यातले जन्मठेपेचे कैदी इथे आणले आणि त्यांच्याकडून रस्ते, पूल, सरकारी वाडे बांधून घेतले. सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल त्यांच्याच हातचं, १८६१ सालचं. त्याच्या भिंतींना ‘मद्रास चुनम’ म्हणतात तो गिलावा आहे: शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक, गूळ, आणि नारळाची सोडणं भिजवलेलं पाणी. वाड्यांच्या भिंतींसाठी आपल्याकडे घाणीत चुना मळताना गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालत, तोच हा गोतावळा. त्या कैद्यांत कुणी रत्नागिरीचा होता का, साताऱ्याचा होता का, कोण जाणे. गिलावा घोटून घोटून संगमरवरासारखा चकचकीत करत. प्रमाण कुठल्या मानकात छापलेलं नव्हतं, मुकादमाच्या जिभेवर होतं. तो चाखून बघत असेल अशी माझी कल्पना आहे. गूळ आहे म्हटल्यावर कुणीही चाखेल.

जळणार नाही ते घर सुरक्षित, ही समजूत १५ मार्च १९८६ रोजी मोडली. सेरंगून रोड आणि ओवेन रोडच्या कोपऱ्यावर लियान याक नावाची सहा मजली इमारत होती. खाली बँक, वर नाइटक्लब, त्याच्या वर हॉटेल न्यू वर्ल्ड. शनिवारची सकाळ सरत असताना ही इमारत मिनिटभरात जमीनदोस्त झाली. ३३ मेले, १७ जणांना ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. त्या वेळी शहरात मेट्रोचे बोगदे खोदायचं काम चालू होतं, त्यावरचे परदेशी अभियंते आपणहून धावले आणि ढिगाऱ्याखाली आडवे बोगदे काढून त्यांनी माणसांपर्यंत वाट केली. आम्ही वाणसामानाला लिटल इंडियात जातो, तिथून ही जागा चालत जाण्यासारखी. पेरुमाळच्या देवळापासून तर हाकेच्या अंतरावर. पुढे तिथे दुसरं हॉटेल उभं राहिलं. माझ्यानंतर आलेल्या मराठी मंडळींपैकी बहुतेकांना या जागेची गोष्ट ठाऊक नसते, आणि कढीपत्त्याच्या पिशव्या सावरत उभं राहून ती सांगायची मला सवय लागली आहे.

गोष्टीचा गाभा चौकशी अहवालात आहे. आधी संशय वरून लादलेल्या वजनावर गेला: बँकेची तिजोरीची खोली, गच्चीवरचे वातानुकूलनाचे मनोरे, दर्शनी भिंतीला नंतर लावलेल्या फरशा. चौकशीत निघालं ते वेगळंच. इमारत १९७१ ची. तिचा सांगाडा ठरवताना माणसं, सामानसुमान यांचं वजन धरलं होतं, पण इमारतीचं स्वतःचं वजनच हिशेबात घेतलेलं नव्हतं. खांब पहिल्या दिवसापासून अपुरे होते. हा हिशेब पात्र अभियंत्याने नव्हे, एका आराखडेकाराने केला होता. म्हणजे नंतर कुणी काहीही चढवलं नसतं तरी ती इमारत उसन्या आयुष्यावरच उभी होती. पंधरा वर्षं ती उभी राहिली, लोक तिच्यात झोपले, नाचले, पैसे मोजले.

१९८९ चा इमारत नियंत्रण कायदा यातून आला. आराखडा करणाऱ्या अभियंत्याचं गणित दुसऱ्या, त्याच्याशी हितसंबंध नसलेल्या मान्यताप्राप्त अभियंत्याने स्वतंत्रपणे तपासायचं. बांधकामाच्या जागी देखरेखीला पात्र माणूस असायलाच हवा. आणि इमारत उभी राहिली म्हणजे संपलं असं नाही: निवासी असेल तर दर दहा वर्षांनी आणि इतर असेल तर दर पाच वर्षांनी तिच्या सांगाड्याची तपासणी. २०२२ पासून वीस वर्षांवरच्या उंच इमारतींच्या बाहेरच्या अंगाचीही दर सात वर्षांनी तपासणी सुरू झाली, कारण दर्शनी भागाचे तुकडे खाली माणसांच्या डोक्यावर येतात. तीस वर्षं झालेल्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट मुंबईतही कायद्याने सक्तीचं आहे. ऑडिट होतं, अहवाल येतो, ‘धोकादायक’ अशी नोटीस दारावर लागते आणि दारामागे माणसं राहतच असतात, कारण जायचं कुठे? फरक कायद्याच्या मजकुरात फारसा नाही. इथे नोटिशीमागे पर्यायी घर असतं, तिथे बहुधा नसतं.

माझा चिडण्याचा विषय मात्र हॅकिंग. संगणकाशी संबंध नाही. इथे भिंत फोडण्याला सगळे हॅकिंग म्हणतात. आपण विकत घेतलेल्या घरातली भिंत पाडायची तर एचडीबीचा परवाना, नोंदणीतला कंत्राटदार, आणि सांगाड्याची भिंत असेल तर विषय तिथेच संपला. नव्या घरातल्या न्हाणीघराची फरशी पहिली तीन वर्षं बदलायची नाही. ठोकाठोक सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. लिफ्टपाशी तारखांचा कागद चिकटवायचा. आमच्या स्वयंपाकघरातली एक भिंत दीड हात सरकवण्यासाठी मी जेवढे कागद भरले, तेवढ्यात गावाकडे घर बांधून वास्तुशांत झाली असती. हे मी भारतात फोनवर तावातावाने सांगत होते ते २०१७ चे दिवस. त्याच वर्षी जुलैत घाटकोपरची चार मजली इमारत कोसळून सतरा माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चाललं होतं आणि खांबांनाच हात घातल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी काही विचारलं असेलही. पण लिफ्टपाशी चिकटवलेला असा कागद त्यांच्यासाठी नव्हता.

बाकी नियम बारीकसारीक आहेत, आणि जितके बारीक तितके घरगुती. खिडकीच्या झडपेचे ॲल्युमिनियमचे रिव्हेट झिजून आख्खी तावदानं खाली पडू लागली, म्हणून २००४ पासून ते स्टेनलेस स्टीलचे करून घेणं घरमालकावर बंधनकारक झालं. तुमच्या हयगयीने खिडकी पडली तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड किंवा वर्षभराची कैद होऊ शकते. घरमालक एकमेकांना भेटले की रिव्हेटची विचारपूस करतात असं दुसरं शहर मला माहीत नाही. सुमात्रात भूकंप झाला की इथल्या मऊ मातीवरच्या उंच इमारती डुलतात. लोक चपला न घालता खाली येतात, फोटो काढतात, परत वर जातात. २०१३ पासून उंच इमारतींच्या आराखड्यात तोही हिशेब आला. १ जून २०१८ पासून नव्या घरांत धुराचा इशारा देणारं यंत्र हवं. हा नियम ज्यांनी केला त्यांनी कधी लसणीची आणि सुक्या मिरचीची फोडणी दिलेली नसावी.

माल कुठून येतो हाही जुन्या-नव्याचा एक मोठा फरक आहे. पूर्वी गिट्टी घरचीच असे, पुलाऊ उबीन बेटावरच्या ग्रॅनाइटच्या खाणींतली. १९९९ मध्ये तिथलं खाणकाम थांबलं. आता त्या खाणींत पाणी साठून तळी झालीत आणि लोक सायकलवरून ती बघायला जातात. वाळू इंडोनेशियातून यायची. २००७ च्या सुरुवातीला इंडोनेशियाने वाळूची निर्यात बंद केली आणि इथले भाव एकदम भडकले. सरकारला साठवलेली वाळू बाहेर काढावी लागली. तेव्हापासून कमी वाळू, कमी काँक्रीट, हलक्या भिंती, असा जोर वाढला. नव्या घरातल्या आतल्या भिंतींवर टिचकी मारा, पोकळ आवाज येतो. शेल्टरची भिंत तेवढी जुन्या माणसासारखी ठणठणीत.

बांधणाऱ्यांचं काय? २००४ च्या एप्रिलमध्ये निकोल हायवेजवळ मेट्रोचं खोदकाम खचून चौघे गेले, त्यानंतर २००६ मध्ये कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचा नवा कायदा आला. २००४ मध्ये इथे लाख कामगारांमागे वर्षाला ४.९ मृत्यू होत. २०२३ मध्ये ते प्रमाण एकाच्याही खाली आलं, पुढच्या वर्षी पुन्हा थोडं वर गेलं. शिरस्त्राण, पट्टा, जाळी, सकाळची सुरक्षा-बैठक, सगळं आहे. आणि तरी संध्याकाळी तमिळ, बांगलादेशी मुलं मालवाहू लॉरीच्या मागच्या उघड्या भागात बसून वसतिगृहाकडे जाताना दिसतात. वर ताडपत्री, बाजूला कठडा, इतपत नियम झालेत. रिव्हेटचा हिशेब ठेवणाऱ्या शहराला हे खटकत कसं नाही, हा प्रश्न इथल्या वर्तमानपत्रांतही दरवर्षी विचारला जातो आणि खर्चाचं उत्तर मिळून मिटतो. मला ते उत्तर पटलेलं नाही.

आता तर घर बांधत नाहीत, जोडतात. क्लेमेंटी भागात ‘क्लेमेंट कॅनपी’ नावाचे चाळीस मजली दोन मनोरे २०१९ साली पूर्ण झाले. त्यांच्या काँक्रीटच्या खोल्या समुद्रापलीकडे जोहोरमधल्या सेनाईत ओतल्या, ट्रकवरून आणल्या आणि क्रेनने एकावर एक रचल्या. सरकारी जमिनीवरच्या खासगी निवासी प्रकल्पांत न्हाणीघरं कारखान्यातून तयार होऊन येणं २०१४ च्या अखेरपासून सक्तीचं आहे: फरशी, नळ, आरसा, सगळं आतच. उंचावर कमी माणसं, कमी धूळ, कमी अपघात. याच्या विरोधात बोलायला मला मुद्दा सापडत नाही. एवढंच, की माझ्या लेकीला तिच्या घराची भिंत कशाची आहे ते विचारलं तर ती फोन काढते. तिचं काही चुकत नाही. ते उत्तर आता भिंतीत नसून फाइलमध्येच आहे. आजोबांना चिरा ठाऊक होता, पण त्या घरात दिवा विझवताना आजीच्या मनात भडक्याची भीती असे. लेकीच्या मनात ती नसते. सौदा मला मान्य आहे, पण तो सौदा आहे.

तोआ पायोहच्या अंकलकडे मागे जाऊन आले. त्यांच्या इमारतीत सरकारी घरदुरुस्ती योजनेचं काम आलं होतं. छताचं काँक्रीट फुगून खपल्या पडल्या होत्या. कामगारांनी सैल भाग ठोकून काढला तेव्हा आतल्या गंजलेल्या सळया उघड्या पडल्या. इतकी वर्षं ज्या छताखाली झोपले त्याच्या पोटात काय आहे, ते अंकलनी पहिल्यांदाच पाहिलं. खुर्ची ओढून, चष्मा लावून, नीट पाहिलं. सळया घासून, रंग देऊन, वर नवा लेप चढवला. हा भाग सक्तीचा आणि नागरिकाला फुकट. ऐच्छिक कामांची यादी वेगळी होती. त्यातून त्यांनी नवं संडास-न्हाणीघर घेतलं आणि नवं दारही घेतलं. दाराबाहेरचं जुनं ग्रिलचं गेट मात्र बदलू दिलं नाही. नव्याच्या जाळीत वर्तमानपत्र अडकत नाही म्हणे, खाली पडतं, आणि वाकायचं कोणी?